खेळावर पोट भरतें काय?

नेरळहून कळंबाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर नांवाचें गांव आहे. भोंवतालीं भाताचीं खाचरें, एका अंगास माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगास दूरवर सह्याद्रीची मुख्य रांग, आणि गांवाचेंच नांव धारण करून उल्हासेस मिळावयास जाणारी नदी, असा हा प्रदेश. गेल्या हिवाळ्यांत तेथें एका परिचितांकडे गेलों असतां, कापणी होऊन गेलेल्या एका खाचरांत कांहीं मुली खेळत असलेल्या दिसल्या. खांबाच्या टोकास एक लोखंडी कडें बांधलेलें होतें आणि त्यांतून चेंडू पार करण्याची त्यांची चढाओढ चालली होती. त्यांतील एक पंधरा-सोळा वर्षांची उंच मुलगी दोघींतिघींचे हात चुकवून, उडी घेऊन, चेंडू असा अलगद सोडी कीं तो कड्यास न शिवतां खालीं येई. तिचे वडील बांधावर उभे होते. मीं मुलीचें कौतुक केलें, तेव्हां ते म्हणाले, "खेळते चांगली, सर. पण ह्यावर पोट भरतं का?"

ह्या प्रश्नांत उपहास नव्हता आणि अभिमानाचा अभावही नव्हता. ज्याच्या घरीं मुलीच्या शिक्षणाचा, पुढें लग्नाचा आणि मधल्या काळांतील दोन वेळच्या जेवणाचा हिशेब एकाच भाताच्या कणगींतून करावा लागतो, अशा बापाचा तो साधा प्रश्न होता. मी त्या वेळीं कांहीं तरी उत्साहाचे शब्द बोललों. जिद्द असली म्हणजे सर्व कांहीं साधतें, अशा अर्थाचें. घरीं परतल्यावर मात्र त्या उत्तराची मला लाज वाटूं लागली. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यानें तरी इतकें स्वस्त उत्तर देऊं नये. म्हणून ह्या खेळाचा इतिहास पुन्हां चाळला, आणि त्यांत एका स्त्रीच्या चरित्रापाशीं येऊन थांबलों. तें चरित्रच त्या बापाच्या प्रश्नाचें खरें उत्तर आहे असें मला वाटतें, आणि तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

खेळाडूंचीं चरित्रें आपण बहुधा पराक्रमाच्या दृष्टीनें वाचतों. कोणीं किती गुण मिळविले, कोणत्या ढाली जिंकल्या, कोणास कसें पाणी पाजलें, ह्यांतच आपणांस गोडी वाटते. परंतु गुण ही व्यक्तीची ठेव असते. व्यवसाय ही समाजानें बांधून द्यावयाची इमारत असते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या काळीं मल्लांस तालीम, खुराक आणि राजाश्रय मिळाला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, आणि कुस्ती हा मानाचा पेशा होऊन बसला. त्यापूर्वीं महाराष्ट्रांत बलवान् पुरुष जन्मासच येत नव्हते, असें कोण म्हणेल? ते जन्मास येत, गांवच्या जत्रेंत नारळ जिंकीत आणि पुन्हां नांगरास लागत. स्त्रियांच्या खेळाची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. फक्त त्यांचा नांगरास लागण्याचा काळ फार लांबला, एवढेंच.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जन्मास आला. जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे गृहस्थ तेथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत व्यायाम शिकवीत असत. बाहेर बर्फ पडत असतां तरुणांस छपराखालीं खेळतां येईल असा एखादा खेळ शोधून काढण्याचें काम वरिष्ठांनीं त्यांच्यावर सोंपविलें होतें. त्यांनीं सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि बास्केटबॉल सुरू झाला. टोपल्यांस बूड असल्यामुळें प्रत्येक यशस्वी फेंकीनंतर चेंडू वर चढून काढावा लागे.

पुढच्याच वर्षीं जवळच्या नॉर्थँप्टन येथील स्मिथ कॉलेज ह्या स्त्रियांच्या विद्यालयांत सेंडा बेरेन्सन नांवाच्या तरुण शिक्षिकेनें हा खेळ नेला. चित्रकलेचे प्रसिद्ध मर्मज्ञ बर्नार्ड बेरेन्सन यांची ही बहीण; लिथुआनियांतून लहानपणीं अमेरिकेस आलेली, आणि स्वतः नाजूक प्रकृतीची असून व्यायामानें सुधारलेली. २२ मार्च १८९३ रोजीं तेथें पहिल्या व दुसऱ्या वर्षांच्या विद्यार्थिनींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांस आंत येण्यास मज्जाव होता. बेरेन्सनबाईंनीं मुलींसाठीं नियम बदलून घेतले होते. मैदानाचे तीन भाग करावयाचे आणि प्रत्येकीनें आपल्याच भागांत राहावयाचें. दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावून घ्यावयाचा नाहीं. तीन सेकंदांहून अधिक वेळ तो हातांत ठेवावयाचा नाहीं. मुलींस खेळूं द्यावें, पण फार धांवूं देऊं नये, असा हा तोडगा होता. आज आपणांस त्याचें हंसूं येतें. तथापि त्या काळीं फार परिश्रमानें स्त्रीच्या देहास इजा होते असें विद्वान् लोकही छातीठोकपणें सांगत असत. आणि ह्या नियमांच्या आडोशानेंच तो खेळ शेंकडों विद्यालयांत शिरूं शकला, हें विसरून चालणार नाहीं. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रमाचें कार्य हातीं घेतलें तें १८९६ सालीं. मुलीनें शिकावें कीं नाहीं हाच जेथें वाद, तेथें तिनें खेळावें कीं नाहीं हा प्रश्न कोण विचारणार?

सवलत म्हणून मिळालेली गोष्ट काढूनही घेतां येते. मिसिसिपी ह्या दक्षिणेकडील राज्यांत क्लीव्हलँड नांवाचें एक लहान शहर आहे. तेथील डेल्टा स्टेट ह्या विद्यालयांत मार्गारेट वेड नांवाची मुलगी बास्केटबॉल खेळत असे. १९३२ सालीं, हा खेळ तरुण स्त्रियांस झेपणारा नव्हे असें ठरवून चालकांनीं मुलींचा संघच मोडून टाकला. वेड आणि तिच्या सोबतिणी यांनीं आपले खेळाचे पोशाख गोळा केले आणि जाळून टाकले. आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या त्यांत राष्ट्राचा राग होता. ह्या लहानशा होळींत कांहीं मुलींच्या तारुण्याचा राग होता. त्यानंतर डेल्टा स्टेटमध्यें मुलींचा संघ पुन्हां उभा राहिला तो १९७३ सालीं, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनीं. आणि त्याची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली ती ह्याच मार्गारेट वेडबाईंची. त्या वेळीं त्यांनीं साठी ओलांडली होती.

त्याच मिसिसिपींतील मिंटर सिटी ह्या खेड्यांत १० फेब्रुवारी १९५५ रोजीं लुशिया हॅरिस हिचा जन्म झाला. अकरा भावंडांतील ही दहावी. आईबाप कृष्णवर्णीय शेतकरी; कापसाचा मुलूख; आणि कापूस वेंचण्याचें काम मुलांसही चुकत नसे. तो काळ कसा होता हें एका गोष्टीवरून समजेल. लुशियाच्या जन्मवर्षींच, त्याच लेफ्लोर परगण्यांतील मनी ह्या गांवाहून एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलास गोऱ्यांनीं पळवून नेऊन ठार मारलें, आणि गोऱ्या पंचांनीं आरोपींस निर्दोष सोडलें. अशा मुलुखांत एका काळ्या शेतकऱ्याच्या घरीं ही मुलगी वाढली आणि उंचच उंच होत गेली. सहा फूट तीन इंच. शाळेंत तिची थट्टा होई. रात्रीं घरांतील माणसें झोंपलीं म्हणजे ही गोधडी पांघरून तिच्या आडोशानें दूरचित्रवाणीवर पुरुषांचे बास्केटबॉलचे सामने पाहत असे. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा आदर्श. तिच्यापुढें एकाही स्त्रीचा आदर्श नव्हता. कारण तसा तो कोठेंच दाखविला जात नव्हता.

ग्रीनवुड येथील शाळेंत तिनें नांव मिळविलें आणि १९७३ सालीं ती डेल्टा स्टेटमध्यें आली. साठाच्या दशकापर्यंत केवळ गोऱ्यांसाठीं असलेल्या त्या विद्यालयांत स्त्रियांच्या संघांतील ही एकटीच कृष्णवर्णीय खेळाडू. एका बाजूस पोशाख जाळलेली साठीची गोरी शिक्षिका, दुसऱ्या बाजूस कापसाच्या शेतांतून आलेली अठरा वर्षांची काळी मुलगी. ह्या दोघींच्या भेटींतून जें घडलें त्यास अमेरिकेच्या क्रीडेतिहासांत तोड थोडी आहे. त्या काळीं पेनसिल्व्हेनियांतील इमॅक्युलाटा ह्या छोट्या कॅथॉलिक विद्यालयाचा संघ तीन वर्षें ओळीनें राष्ट्रीय विजेता ठरला होता. १९७५ सालीं डेल्टा स्टेटनें त्या संघास ९० विरुद्ध ८१ गुणांनीं हरविलें. त्या वर्षीं खेळलेले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सामने त्यांनीं जिंकले. १९७६ आणि १९७७ सालींही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलें, आणि मधल्या काळांत सलग एक्कावन्न विजयांची मालिका झाली. हॅरिसनें विद्यार्थिदशेंत ११५ सामन्यांत २,९८१ गुण केले, म्हणजे दर सामन्यास सरासरी सुमारें सव्वीस. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या जगप्रसिद्ध सभागारांत १९७७ सालीं एका सामन्यांत तिनें एकटीनें ४७ गुण मिळविले.

पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्यें आला तो १९३६ सालीं, बर्लिनमध्यें. वृद्ध नेस्मिथ त्या वेळीं तेथें हजर होते. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं आपले देशी खेळ जगास दाखविले तेंही ह्याच बर्लिनमध्यें. स्त्रियांच्या बास्केटबॉलास मात्र १९७६ पर्यंत, म्हणजे आणखी चाळीस वर्षें, वाट पाहावी लागली. १९ जुलै १९७६ रोजीं माँट्रिऑल येथें जपान आणि अमेरिका यांचा सामना सुरू झाला आणि ऑलिंपिकच्या इतिहासांतील स्त्रियांच्या बास्केटबॉलचे पहिले गुण लुशिया हॅरिसनें केले. सामना जपाननें जिंकला. सुवर्णपदक रशियन संघानें नेलें. अमेरिकेस रौप्यपदक मिळालें. पण तो पहिला चेंडू मिंटर सिटीच्या मुलीच्या हातून गेला, ही गोष्ट आतां कोणासही बदलतां यावयाची नाहीं.

येथपर्यंतचें चरित्र आपल्या परिचयाच्या साच्यांतलें आहे. दारिद्र्य, गुण, कष्ट आणि यश. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत तें येथेंच संपवितां आलें असतें. परंतु बांधावर उभ्या असलेल्या त्या बापाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

१९७७ सालीं हॅरिस पदवीधर झाली. तिचें वय बावीस. आपल्या कलेंत ती जगांतील अग्रगण्य स्त्रियांपैकीं एक होती. तिच्या बरोबरीचा पुरुष अशा वेळीं व्यावसायिक संघांत जातो, घर बांधतो, आईबापांस शेतांतून सोडवितो. हॅरिसला जावयास जागाच नव्हती. अमेरिकेंत त्या वर्षीं स्त्रियांचा एकही व्यावसायिक बास्केटबॉल-संघसमूह नव्हता. न्यू ऑर्लिन्स जॅझ ह्या पुरुषांच्या संघानें खेळाडूंच्या वार्षिक निवडींत सातव्या फेरींत, १३७ व्या क्रमांकावर, तिचें नांव पुकारलें. पुरुषांच्या संघानें अशा रीतीनें अधिकृतपणें निवडलेली ही पहिलीच स्त्री. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. हॅरिस मात्र गेली नाहीं. हा आपल्या नांवानें केलेला जाहिरातीचा प्रकार असावा असें तिला वाटलें. शिवाय तिचें लग्न झालें होतें आणि ती गरोदर होती.

ह्या नकाराबद्दल पुढें तिला अनेकांनीं छेडलें. कित्येकांच्या मतें तिनें इतिहास घडविण्याची संधि दवडली. मला तसें वाटत नाहीं. पुरुषांच्या संघांत एक स्त्री म्हणून नवलाईसाठीं उभें राहणें निराळें, आणि आपल्या बरोबरीच्या स्त्रियांशीं खेळून वर्षानुवर्षें मानानें मिळविणें निराळें. तिला पाहिजे होतें तें दुसरें. समाजानें तिच्यापुढें ठेवलें तें पहिलें. जी वस्तु बाजारांतच नाहीं ती विकत घेतली नाहीं म्हणून गिऱ्हाइकास दोष देण्यासारखें हें आहे.

ती वस्तु लवकरच बाजारांत आली, पण तकलादू. १९७८ च्या डिसेंबरांत स्त्रियांचा पहिला व्यावसायिक संघसमूह आठ संघांनिशीं सुरू झाला. हॅरिस १९७९-८० च्या हंगामांत ह्यूस्टन एंजल्स ह्या संघाकडून खेळली. तिचें व्यावसायिक खेळाडू म्हणून आयुष्य तें एवढेंच; एक हंगाम. खेळाडूंचे पगार वेळेवर न मिळण्याचे प्रकार त्या संघसमूहांत होऊं लागले आणि १९८१ सालीं तो बंद पडला. हॅरिसनें आपल्या जुन्या विद्यालयांत प्रवेशार्थ्यांस सल्ला देण्याचें व खेळ शिकविण्याचें काम केलें; पुढें ती आपल्याच शाळेंत शिक्षिका झाली. चार मुलें झालीं. ह्याच काळांत तिला मनाच्या विकारानें गांठलें. कधीं अतिशय उत्तेजित अवस्था, तर कधीं खोल विषाद, असा तो रोग. त्याविषयीं ती उतारवयांत मोकळेपणानें बोलली. त्या रोगाचें खापर मी खेळाच्या परिस्थितीवर फोडूं इच्छीत नाहीं. रोगांचीं कारणें इतकीं सरळ नसतात. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षीं जगाच्या टाळ्या एकाएकीं थांबाव्या आणि त्यानंतर काय करावें हें सांगणारें कोणीही नसावें, ही अवस्था कोणत्याही मनास जड जाईल, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

मान मिळाला, पण उशिरां. नेस्मिथ यांच्या नांवानें स्प्रिंगफील्ड येथें जें बास्केटबॉलचें कीर्तिमंदिर आहे, त्यांत १९८५ सालीं सेंडा बेरेन्सन आणि मार्गारेट वेड यांचीं नांवें एकाच वेळीं दाखल झालीं; आणि १९९२ सालीं, खेळाडू म्हणून तेथें प्रवेश मिळालेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकीं एक लुशिया हॅरिस होती. त्या समारंभांत तिच्या बरोबर उभे होते ते ऑस्कर रॉबर्टसन. गोधडीच्या आडून जो आदर्श तिनें पाहिला तोच. २०२१ सालीं बेन प्राउडफुट यांनीं तिच्यावर 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' नांवाचा अवघ्या बावीस मिनिटांचा अनुबोधपट काढला. त्यांत ती वृद्ध बाई कॅमेऱ्यासमोर बसून आपली हकीकत स्वतः सांगते, मधून मधून खळखळून हंसते. तिच्या बोलण्यांत कडवटपणा नाहीं, पण आपल्यासाठीं पुढें कांहींच नव्हतें ह्याची स्पष्ट जाणीव आहे. १८ जानेवारी २०२२ रोजीं हॅरिसबाई वारल्या. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत त्या अनुबोधपटास ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें पाहावयास त्या राहिल्या नव्हत्या.

मग पुढें परिस्थिति पालटली ती कशानें? मुलींचा गुण एकाएकीं वाढला म्हणून नव्हे. १९७२ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, ज्या शिक्षणसंस्था मध्यवर्ती सरकारचा पैसा घेतात त्यांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये. त्या कायद्याच्या मूळ कलमांत खेळाचें नांवही नव्हतें. परंतु त्याच्या आधारें मुलींनीं मैदानें, शिक्षक आणि शिष्यवृत्त्या मागितल्या. एक पिढी त्या सोयींवर वाढली. प्रेक्षकांसही स्त्रियांचा खेळ पाहण्याची संवय लागली. आणि २१ जून १९९७ रोजीं डब्ल्यू. एन. बी. ए. ह्या नांवानें स्त्रियांचा व्यावसायिक संघसमूह आठ संघांनिशीं सुरू झाला, तो टिकला. हॅरिसबाईंचें वय त्या वेळीं बेचाळीस होतें.

टिकला ह्याचा अर्थ मात्र समृद्ध झाला असा नव्हे. २०२४ सालीं केटलिन क्लार्क ही अत्यंत लोकप्रिय खेळाडू त्या समूहांत पहिल्या क्रमांकानें निवडली गेली, तेव्हां तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. त्याच्या आदल्या वर्षीं पुरुषांत पहिला निवडल्या गेलेल्या तरुणाचा पगार एक कोटि वीस लाख डॉलरांच्या घरांत होता. जाहिरातींचें उत्पन्न ह्यांत धरलेलें नाहीं. तें क्लार्कला भरपूर मिळालें, पण तें थोड्यांच्याच वांट्यास येतें. म्हणूनच कित्येक वर्षें ह्या स्त्रिया उन्हाळ्यांत अमेरिकेंत आणि हिवाळ्यांत रशिया, तुर्कस्तान अशा देशांत खेळत आल्या. २०२२ च्या फेब्रुवारींत मॉस्कोच्या विमानतळावर ब्रिटनी ग्रायनर हिला अटक झाली आणि ती डिसेंबरपर्यंत कैदेंत राहिली. सामानांत निषिद्ध अंमली तेल सांपडलें हें तात्कालिक कारण झालें. परंतु ती तेथें गेली होती ती पोटासाठीं, दुसऱ्या पगाराच्या नोकरीवर, हें त्यामागील खरें कारण आहे.

आतां आपल्याकडे वळूं. हा खेळ आपल्या देशांत वाय. एम. सी. ए. च्या द्वारेंच आला. स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तिचा ह्या प्रसारांत मोठा वांटा आहे. आपल्या स्त्रियांत गुणाची वाण कधींच नव्हती. केरळच्या गीतू अ‍ॅना जोस ह्या ऑस्ट्रेलियांतील संघाकडून व्यावसायिक म्हणून खेळल्या, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील तीन संघांनीं त्यांस परीक्षेसाठीं बोलाविलें. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई ह्या आई झाल्यानंतर पुन्हां मैदानांत उतरल्या; २०१७ सालीं बंगळूर येथें आशिया चषकाच्या दुसऱ्या विभागांत भारतानें कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असें हरविलें, त्या संघांत त्या होत्या. पुण्याच्या शिरीन लिमयेही त्याच संघांत होत्या, आणि लिमये यांनीं भारतीय संघाचें नेतृत्वही केलें आहे. अनिताबाईंस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

ह्यांपैकीं गीतू आणि अनिता ह्या दोघीही दक्षिण रेल्वेच्या नोकरींत वाढलेल्या खेळाडू, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशांत स्त्री-खेळाडूस कोणी राजाश्रय दिला असेल तर तो रेल्वेनें. त्या आश्रयास 'सरकारी चाकरी' म्हणून नाकें मुरडणारांनीं हॅरिसबाईंचें चरित्र वाचावें. महिना भरला कीं येणारा पगार आणि प्रसूतीनंतर परत येण्यास उघडें असलेलें दार, हीं दोन साधनें १९७७ सालीं लुशिया हॅरिसजवळ असतीं, तर तिच्या चरित्राचीं पुढचीं पानें अगदीं निराळीं झालीं असतीं. जगज्जेत्या अमेरिकेनें आपल्या सर्वोत्तम खेळाडूस जें दिलें नाहीं, तें आपल्या रेल्वेनें चेन्नईच्या एका मुलीस दिलें. ह्याचा आपण अभिमान बाळगावयास हरकत नाहीं.

पण नोकरी म्हणजे व्यवसाय नव्हे, हेंही खरें. नोकरींत खेळाडूचें पोट भरतें. व्यवसायांत तिच्या खेळाचें मोल ठरतें. हा फरक आपणांस क्रिकेटनें शिकविला. १९७३ सालीं, म्हणजे डेल्टा स्टेटचा संघ पुन्हां उभा राहिला त्याच वर्षीं, आपल्या पुण्यास स्त्रियांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट-स्पर्धा झाली. संघ आले अवघे तीन. त्या पिढीच्या बायका पदरचे पैसे घालून, आगगाडीच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करून, धर्मशाळेसारख्या जागीं उतरून खेळल्या. मुंबईच्या डायना एडलजी यांनीं रेल्वेंत स्त्री-क्रिकेटपटूंस नोकऱ्या मिळाव्या म्हणून खटपट केली. २००६ सालीं स्त्रियांचें क्रिकेट मुख्य नियामक मंडळाच्या छत्राखालीं आलें. २०२२ सालीं स्त्री आणि पुरुष यांस सामन्याचें मानधन सारखें ठरलें. आणि २०२३ च्या फेब्रुवारींत स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धेसाठीं खेळाडूंचा पहिला लिलांव झाला, त्यांत सांगलीस वाढलेल्या स्मृति मानधना हिला ३ कोटि ४० लाख रुपये मिळाले; त्या दिवशींची ती सर्वांत मोठी बोली होती. अनारक्षित डबा ते ही बोली, हें अंतर तोडावयास बरोबर पन्नास वर्षें लागलीं. त्या पन्नास वर्षांत ज्या खेळल्या, त्यांत मानधनाच्या तोडीची एकही नव्हती असें मानणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्या इमारतीच्या पायांत गेल्या. कळसावर दुसरी चढली.

बास्केटबॉलची इमारत आपल्याकडे अजून पायाच्या वर आलेली नाहीं. हें सत्य पोशीरच्या त्या बापापासून लपविण्यांत कांहीं पुण्य नाहीं. म्हणून पुन्हां त्या वाटेनें गेलों तर मी त्यांस असें सांगेन: आज केवळ ह्या खेळावर तुमच्या मुलीचें पोट भरेल, अशी हमी मला देतां येत नाहीं. ती शाळेच्या संघांतून जिल्ह्यांत, जिल्ह्यांतून राज्यांत गेली, तर खेळाच्या आधारें एखादी पगाराची नोकरी मिळण्याचा संभव आहे. तो मोठा नाहीं, पण खोटाही नाहीं. तोंवर तिचें शिक्षण सोडवूं नका, कारण हॅरिसबाईंच्या हातीं शेवटीं टिकली ती पदवीच; तिच्याच बळावर त्या शिक्षिका झाल्या. आणि खेळही सोडवूं नका. चेंडू कड्यास न शिवतां खालीं येतो हा तिचा गुण आहे. त्याचें मोल ठरविणारी पेठ उभी करणें हें तिचें काम नव्हे. तें आम्हां शिकल्यासवरल्या लोकांचें, शाळांच्या चालकांचें आणि दोन रुपये देऊन मुलींचा सामना पाहावयास जाणाऱ्या प्रेक्षकांचें काम आहे.

ह्या शेवटच्या यादींत मी आणि हें मासिक वाचणारीं आपण सर्व कुटुंबें येतों. मुलींचा एखादा सामना तिकीट काढून आपण शेवटचा केव्हां पाहिला, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. मीं आठवून पाहिलें; आणि त्या बापास दिलेल्या उत्तराची लाज मला कां वाटली, तें तेव्हां नीट उमगलें.